अंगणापुरता रेडिओ

लाइल ब्रेकेला जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि ऑरिन ट्वेट त्याच्यासोबत राहायला आला त्याला नऊ. सोबतच म्हणायला हवं. घर लाइलचं, दाराशी कोट अडकवायची खुंटी लाइलची, आणि खिडकीपाशी जी खुर्ची होती तिच्यात ऑरिन कितीही रुतून बसला तरी ती आपली दुसऱ्याच कुणाच्या अंगाला बेतलेली. लाइलच्या विधवेशी, मार्लिसशी, लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "हे घर विकू या, दुसरं घेऊ." ऑरिन मोठ्या मनाने म्हणाला होता, "कशाला? चांगलं तर आहे." ते मोठं मन तो अजून निस्तरत होता.

मेलेला नवरा चारचौघांसारखा असता तर एक वेळ चाललं असतं. पण लाइल जिल्ह्याच्या रेडिओ स्टेशनवर बोलायचा. रोज संध्याकाळी सहाला. डुकरांचे आणि मक्याचे भाव, हवामान, कुणाचा कुत्रा हरवला, कुणाला मुलगी झाली, कुणाचा वाढदिवस. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात असं एक घर नव्हतं जिथे बटाटे सोलताना लाइलचा आवाज नसायचा. अजूनही दुकानात बायका मार्लिसला हाक मारायच्या आणि बरोबरच्या माणसाला सांगायच्या, "ही लाइलची बायको बरं का!" ऑरिन तेव्हा शेजारीच दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा असायचा.

आणि खरं दुखणं तर आणखी वेगळं होतं. ऑरिनलाही लाइल फार आवडायचा. तो दुधाच्या कारखान्यात थंड करायची यंत्रं सांभाळायचा, एकटा राहायचा, लग्नबिग्न केलेलं नव्हतं. कामावरून येताना गाडीत लाइल लागायचा, आणि घर आलं तरी ऑरिन गाडीतून उतरायचा नाही. दारात गाडी उभी करून, इंजिन बंद करून, थंडीत कुडकुडत तो कार्यक्रम संपेपर्यंत ऐकायचा. आता त्याच माणसाचं नाव निघालं की तो उठून कुठलातरी नळ तपासायला जायचा. ज्याचा आपल्याला कधी राग आला नाही अशा माणसावर जळायचं म्हणजे फार अवघड काम असतं. जळायला धड कारणही सापडत नाही.

मार्चमध्ये जनेल आली. जनेल म्हणजे लाइल आणि मार्लिसची मुलगी, शहरात दाताच्या डॉक्टरकडे कामाला. आई चर्चमधल्या शिवणाला गेली आहे हे बघूनच ती आली, आणि टेबलावर तिने एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला.

"ऑरिन, तुमच्याशिवाय हे काम कुणाला जमणार नाही," ती म्हणाली.

अशी सुरुवात झाली की ऑरिन सावध व्हायचा.

"स्टेशनच्या तळघरात बाबांच्या जुन्या टेपा सापडल्या. मी त्या उतरवून घेतल्यात. हे बघा, एवढ्याशा डबीत सगळं मावलं. आईच्या पंचाहत्तरीला ते तिला ऐकवायचं."

"मग ऐकव की. त्या डबीला बटण आहे ना?"

"तसं नाही हो. त्या रेडिओतून ऐकवायचं." तिने दिवाणखान्यातल्या लाकडी कपाटाएवढ्या रेडिओकडे बोट दाखवलं. त्याच्यावर मार्लिसची झाडं असायची. "आई बाबांना त्याच्यावरच ऐकायची. आवाज तिथूनच यायला हवा. म्हणून हा ट्रान्समीटर मागवला. सुटे भाग आहेत, जोडायला लागतील. आपलं आपलं छोटं स्टेशन! परवानगीबिरवानगी काही लागत नाही, कारण आवाज अंगणाबाहेर जातच नाही."

ऑरिनने खोक्यात डोकावून पाहिलं. छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये रंगीत पट्ट्यांचे तुकडे, तांब्याची तार, एक नळी, हिरवी पट्टी आणि सूचनांचं जाड पुस्तक.

"तुम्हाला काही वाटणार नाही ना?" जनेलने विचारलं.

"मला काय वाटायचंय," ऑरिन म्हणाला. पुन्हा तेच मोठं मन.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीला पेट्रोल पंपावर गेला तर बातमी त्याच्या आधी पोचली होती. व्हर्लिन हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, जीभ तिखट आणि कान अर्धे गेलेले.

"काय रे ऑरिन, मेलेल्या माणसाला घरी बोलावतोयस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं काय, जनेलने सगळ्यांना बोलावलंय. रविवारी, चर्च सुटल्यावर. मी बायकोला सांगितलं, बघ, असा नवरा हवा. आपल्या बायकोच्या आधीच्या नवऱ्याला स्वतःच्या हाताने जोडून देतोय, एकेक भाग सोल्डर करून!"

"कॉफी पी, व्हर्लिन."

"तू माझ्या बायकोच्या जुन्या मित्रासाठी असं काही करू नकोस हं. तो अजून मेलाही नाहीये."

सगळा पंप हसला. ऑरिनही हसला. आतून त्याचा नुसता तिळपापड होत होता.

काम तसं अवघड नव्हतं. गॅरेज घरापासून वेगळं, अंगणाच्या पलीकडे होतं, आणि मार्लिस तिथे पाऊल टाकायची नाही. "तुझं ते ग्रीसचं देऊळ," म्हणायची. ऑरिन दुपारी तिथे जाऊन बसे. सूचना वाचून एकेक भाग लावी, डाग देई, भिंगातून तपासी. हात सत्तरी ओलांडलेले असले तरी थरथरत नव्हते. काम करताना त्याला बरंही वाटायचं, आणि मग एकदम आठवायचं की हे सगळं कुणासाठी चाललंय. मग डाग जरा जाड पडायचा.

शेवटी कॉइल राहिली. नळीवर तांब्याची तार गुंडाळायची, शंभराच्या वर वेढे, एकाला एक चिकटून. तीन मीटरच्या तारेचा अँटेना म्हणजे तसा अपुराच. बिनपरवान्याच्या स्टेशनला सरकारने त्याहून मोठा लावू दिला असता तर काही प्रश्न नव्हता. ती उणीव भरून काढायची ती या कॉइलने. वेढे चुकले की सगळं मुसळ केरात. पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलं होतं की वेढे मोजताना दुसरं काही करू नका.

ऑरिनने नेमकं तेव्हाच ती डबी सुरू केली. जनेलने कुठला कार्यक्रम निवडलाय ते आधी ऐकून ठेवावं, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला काहीतरी वाईट सापडायला हवं होतं. लाइल अडखळला असेल, खोकला असेल, एखादा फालतू विनोद केला असेल. निदान आवाज तरी आठवतो तेवढा चांगला नसेल.

आवाज आठवतो त्याहून चांगला होता. भाव झाले. हवामान झालं. ऑरिन वेढे मोजत होता, ओठ हलवत. मग वाढदिवस आले. कुणी हिल्मर आजोबा, कुणी जुळी मुलं, आणि मग लाइल जरा थांबला.

"आणि आज आमच्या घरातल्या एका बाईचाही वाढदिवस आहे," लाइल म्हणाला. "वय सांगितलं तर मला रात्री गाडीत झोपावं लागेल, तेव्हा ते राहू दे. मार्लिस, ऐकतेस ना? ओव्हन बंद कर. कोट घाल. आज आपण बाहेर जेवायचं."

ऑरिनचा हात थांबला. अख्ख्या जिल्ह्याच्या कानावर हे गेलं होतं. त्याच्याही गेलं असणार, गाडीत बसून. तेव्हा तो हसला असेल, आणि या लाइलची बायको कशी असेल कोण जाणे, असंही मनात आलं असेल. आणि गेल्या वर्षी मार्लिसच्या वाढदिवसाला ऑरिनने स्वतः काय दिलं? गाडीचे बर्फातले टायर. चांगले, महागाचे. बसवूनही दिले होते. पण तोंडातून शब्द म्हणून काय निघाला होता, तर "हवा मी भरलीय."

रविवारी हे वाक्य त्या लाकडी रेडिओतून येणार. सगळ्यांच्या देखत. मार्लिस ते ऐकणार, आणि मग मान वळवून आपल्याकडे बघणार. या घरात आपण टायर बदलणारा, नळ दुरुस्त करणारा, पाणी तापतंय का बघणारा एक भला माणूस आहोत, यापलीकडे कोणी नाही, हे त्या क्षणी तिला कळेल. मग आपलं काय उरलं? हेवा म्हणजे काय ते ऑरिनला या वयात, गॅरेजमधल्या स्टुलावर बसून, पूर्णपणे कळलं. आणि त्याला त्याची लाजही वाटली.

वेढे किती झाले होते ते तो विसरला होता. पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवे होते. त्याने मोजले नाहीत. "झाले असतील," तो पुटपुटला, उरलेले अंदाजाने गुंडाळले आणि वर चिकटपट्टी मारली.

चाचणीला जनेल आठवड्याच्या मध्येच एकदा आली. मार्लिस शिवणाला. जनेल घरात रेडिओपाशी, कानाला फोन. ऑरिन गॅरेजमध्ये, खांद्याने फोन दाबून धरलेला. ट्रान्समीटर सुरू केला, मीटर लावला, आणि कॉइलजवळचा बारीक स्क्रू फिरवायला लागला. स्क्रू फिरला तशी सुई चढली. चढत चढत गेली, आणि स्क्रू संपला. पुढे फिरेना. सुईला मात्र अजून वर जायचं होतं. याचा अर्थ ऑरिनला चांगला कळत होता: वेढे कमी पडलेत. तो कॉइलवर ओणवून बघायला लागला, आणि सुई आपोआप वर गेली.

"आला!" जनेल फोनमध्ये ओरडली. "ऑरिन, आला! अगदी स्वच्छ! बाबा आले!"

बाबा आले. नऊ वर्षांत ऑरिनला तिने ऑरिनच म्हटलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण तो शब्द कानात शिरला तो कानातच राहिला.

"बरं," तो म्हणाला.

"अजून काही करायचं बाकी आहे का?"

"नाही. झालं."

कॉइल उकलून आणखी वेढे घालायचे तर तासभर काम होतं. त्याने ते केलं नाही. घरात ऐकू आलं ना, मग बस झालं. इतक्यात मार्लिसची गाडी वळणावर दिसली, त्याने सगळं बंद केलं आणि वर ताडपत्री टाकली. त्या गडबडीत त्याला एक साधी गोष्ट सुचली नाही. आवाज आला तेव्हा तो स्वतः कॉइलपाशी ओणवा होता, आणि त्याचं ते थोराड शरीरच कमी पडलेल्या वेढ्यांची जागा भरून काढत होतं.

रविवारी घर भरलं. बर्फ वितळायला लागलं होतं, अंगणात चिखल होता, दाराशी बुटांचा ढीग. आत कॉफी, हॅमचे सँडविच, तीन तऱ्हेचे गोड चौकोनी तुकडे, आणि सगळ्यांच्या उंच आवाजातल्या गप्पा, कारण ऐकू कुणालाच धड येत नव्हतं. मार्लिसने निळा ड्रेस घातला होता. गर्दीने इतकं उकडायला लागलं की कुणीतरी खिडकी उघडली.

जनेलने रेडिओवरची झाडं उचलली. "आई, इथे बस."

"हा लागतो अजून?" मार्लिस म्हणाली. "याच्यावर नुसती खरखर आणि धर्मोपदेशच येतो."

"बस तर."

जनेलने ऑरिनला डोळ्यांनी खूण केली. ऑरिन मागच्या दाराने बाहेर पडला, गॅरेजमध्ये गेला, बटण दाबलं, डबी सुरू केली आणि परत आला. घरात शिरला तेव्हा सगळे रेडिओकडे बघत होते. रेडिओतून खरखर येत होती आणि तिच्या खूप खाली, विहिरीत पडल्यासारखा, कुणीतरी पुटपुटत होता.

"लाइल लाजतोय," व्हर्लिन म्हणाला.

"मोठा करा ना जरा," कुणीतरी म्हणालं. जनेलने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. नुसती खरखर मोठी झाली.

"ऑरिन?" जनेलचा चेहरा पडला होता.

"बघतो," ऑरिन म्हणाला आणि पुन्हा चिखल तुडवत गेला. गॅरेजमध्ये त्याने तारा तपासल्या, सगळं जागेवर होतं. कॉइल बघायला तो वाकला, हात जवळ नेला, आणि उघड्या खिडकीतून त्याच्याच घरातून लाइल ब्रेके दणदणीत आवाजात बोलला: "नमस्कार मंडळी!"

घरात एकच ओरडा झाला. ऑरिन दचकून मागे सरला. लाइल गेला.

"गेला!" खिडकीतून व्हर्लिनचा आवाज.

ऑरिनने हात पुढे केला.

"आला!"

मागे घेतला.

"गेला रे!"

तेव्हा त्याला कळलं. आणि कळल्या कळल्या त्याला इतका आनंद झाला की स्वतःचीच भीती वाटली. काही करायचंच नव्हतं. हात खिशात घालून आत जायचं, खांदे उडवायचे, म्हणायचं की जुना रेडिओ आहे, बिघडला असेल. कुणी एका शब्दाने बोललं नसतं. लाइल गप्प बसला असता, ते वाक्य आलंच नसतं, आणि केक कापताना मार्लिसच्या शेजारी एकच नवरा उभा असता. तो खरोखर हात खिशात घालून दारापर्यंत आला.

तिथून खिडकीतलं दिसत होतं. मार्लिस खुर्चीतून उठली होती. ती रेडिओसमोर वाकली होती, आवाज बाहेर येतो त्या जाळीच्या कापडाला कान लावून, आणि एक हात वर करून सगळ्यांना गप्प करत होती. बाकीचे ऐकायला आलेले दिसत होते; ती शोधत होती.

ऑरिनने लाइलला एक सणसणीत शिवी हासडली. मग मागे फिरला, कॉइलपाशी जाऊन उभा राहिला आणि हात वर धरला.

"आला!" व्हर्लिन ओरडला.

असा तो उभा राहिला. हात टेकवायचा नाही, दूर न्यायचा नाही, पंजा पसरून कॉइलच्या बाजूला धरून ठेवायचा. मध्ये जरा ढिला पडला की घरातून लगेच "अरे, अरे!" व्हायचं आणि तो पुन्हा ताठ व्हायचा. गॅरेज गारठलेलं होतं आणि कोट घरात खुंटीवर होता. दारातून चिखल दिसत होता, चिखलापलीकडे खिडकी, आणि खिडकीतून त्याच्या घरात दुसरा माणूस बोलत होता, त्याच्या मित्रांना हसवत होता. डुकरांचे भाव सांगतानासुद्धा हसवत होता. ऑरिन गाडीत बसून हसायचा त्याच जागी सगळे हसले. तो हसला नाही.

वाढदिवस आले. हिल्मर आजोबा. जुळी मुलं. ऑरिनला एकदा वाटलं, आता. हात काढायचा, एवढं एक वाक्य जाऊ द्यायचं आणि पुन्हा लावायचा. कोण ओळखणार आहे? त्याचा हात हललाही. मग लाइल थांबला, नेहमीसारखा, आणि ऑरिनचा हात तिथेच राहिला. का राहिला ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नसतं.

"मार्लिस, ऐकतेस ना? ओव्हन बंद कर. कोट घाल."

घरात टाळ्या, मग हशा. मग सगळ्यांनी वाढदिवसाचं गाणं म्हटलं, लाइलच्या बोलण्यावरच, बेसूर आणि मोठ्याने. ऑरिन कुठे आहे असं कुणी विचारलेलं ऐकू आलं नाही. त्याचे डोळे भरून आले आणि जरा हललं तरी लाइल जाईल म्हणून पुसताही येईनात. नऊ वर्षं झाली. मी वर चढलो नसतो तर या घराचं छप्पर गळलं असतं, तो मनात म्हणाला, आणि गाणं म्हणायलासुद्धा कुणाला माझी गरज नाही.

दारात सावली पडली. मार्लिस. चर्चचे बूट चिखलाने बरबटलेले, हातात कागदी ताटलीत केकचा तुकडा.

"इथे काय करतोयस?"

"उभा आहे."

"ते दिसतंय. हात कशाला वर धरलायस? शपथ घेतोयस?"

"काढला की तो जातो."

"कोण?"

"तुझा नवरा."

मार्लिसने ताटली बाकावर ठेवली. "काढ बघू."

त्याने हात काढला. "गेला!" खिडकीतून व्हर्लिन. "लाव," मार्लिस म्हणाली. त्याने लावला. "आला!"

मार्लिस बघतच राहिली. "म्हणजे तू सुरुवातीपासून असा?"

"मग."

"आणि आत व्हर्लिन सांगतोय की ऑरिन गॅरेजमध्ये रुसून बसलाय."

"बसलोच आहे रुसून. उभ्याने." मग त्याचा बांध फुटला. "मला हा माणूस आवडत नाही, मार्लिस."

"खोटं बोलू नकोस. गाडीत बसून ऐकायचास, तूच सांगितलंयस."

"तेव्हा तो तुझा नवरा नव्हता."

"तेव्हाही माझाच होता."

"मला काय माहीत होतं तेव्हा! आता माहीत आहे. आता तो तोंड उघडतो आणि मी या घरातला गडी होतो. मी तुला टायर दिले, टायर! आणि हा... 'कोट घाल' म्हणतो." आवाज फाटला म्हणून तो थांबला.

मार्लिसने बुटाचा चिखल बाकाच्या पायाला पुसला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी ओव्हन बंद केला. कोट घातला. वाट बघत बसले. स्टेशनवरच्या लोकांनी त्याला बिअर प्यायला नेलं. आला तो खूप उशिरा, आणि मी कोटातच झोपले होते."

ऑरिनचा चेहरा लख्ख उजळला. "म्हणजे नेलंच नाही तुला?"

"नेलं की. दुसऱ्या दिवशी. तळ्याकाठी. फार छान झालं."

"मग हे कशाला सांगितलंस?"

"अर्धंच सांगणार होते, तुला बरं वाटावं म्हणून. पण तू इतका खूश झालास की मला राहवेना."

ऑरिनने तिच्याकडे रागाने पाहिलं. ती हसत होती, आणि तिचे डोळे ओले होते, आणि ते कुणासाठी ओले होते ते विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

"बाजूला सर," ती म्हणाली. "केक खा. मी धरते."

तिने हात पुढे केला, तो बाजूला झाला. "गेला!" ती आणखी जवळ गेली, दोन्ही हात लावले, पंजे पसरले. नुसती खरखर. मार्लिस हाडकुळी होती, पन्नास किलोचीही नसेल.

"माझ्या हाताने नाही येत," ती म्हणाली.

"येणार नाही. माणूस जाड लागतो."

"मग तूच लाव."

ऑरिनने हात लावला. लाइल उद्याचं हवामान सांगायला लागला होता, चाळीसेक वर्षांपूर्वीच्या उद्याचं. रात्री बर्फ पडेल, सकाळी शाळा उशिरा भरतील. मार्लिसने रिकामा दुधाचा कॅन ओढला, पालथा घातला आणि त्याच्याशेजारी बसली. केकचा तुकडा मोडून तिने त्याच्या तोंडात घातला. तो चावत असताना दोघंही ऐकत होते.

हवामान संपलं. मार्लिस उठली, स्कर्ट झटकला.

"झालं," ती म्हणाली. "काढ आता. पुरे."

याच शब्दांची तो मघापासून वाट बघत होता. हात खांद्यापासून बधिर झाला होता. तरी त्याने तो काढला नाही.

"थांब."

"अरे, पुरे म्हटलं ना मी."

"त्याचं शेवटचं राहिलंय. मी रोज ऐकायचो, मला माहीत आहे." ऑरिनने दात ओठ खाऊन पंजा आणखी ताठ केला. "नीट निरोप घेऊन जाऊ दे त्याला. अर्धवट गेला तर परत येईल."

मार्लिस एवढ्या मोठ्याने हसली की खिडकीत दोन-तीन तोंडं दिसली. मग तिने तोंडावर हात धरला, कारण लाइल बोलत होता. बोलला तो अगदी साधं. मंडळी, दिवस संपला, दिवे मालवा, जवळ जे कोण असेल त्याला शुभरात्र म्हणा, आणि ती माझ्याकडूनही म्हणा. भेटू. मग टेप संपली आणि रेडिओतून काहीच येईनासं झालं. व्हर्लिनसुद्धा ओरडला नाही.

ऑरिनने हात खाली घेतला. बोटं वळतच नव्हती, पंजा तसाच पसरलेला राहिला. मार्लिसने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, चोळला, पण काही उपयोग होईना. तेव्हा तिने तो आपल्या काखेत दाबून धरला, आणि चिखलातून, सगळ्यांच्या देखत, तसाच धरून त्याला घरात नेलं.